अधिक महिन्यातले मोजे

द्वारका, नवी दिल्ली
शुक्रवार, १२ जून २०२६

चि. वैजयंतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी बरी आहे. वॉकर घेऊन हॉलपर्यंत जाते, तिथून बाल्कनीच्या दारापर्यंत आणि परत. दिल्लीचा उन्हाळा तुला सांगायला नकोच, इथं सकाळी नळाचं पाणीसुद्धा आधण ठेवल्यासारखं येतं. शेजारची सोनम काकडीचं रायतं पाठवते, ते आवडीनं खाते. टाके कधीच निघाले, जखम कोरडी आहे. नवा खुबा छान बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. तुझं जेवणखाण वेळेवर होतंय ना? शाळेला सुट्टी लागली तरी शिकवण्या चालूच असतील तुझ्या.

पत्राच्या वर नुसतं तुझंच नाव घातलंय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. अकरा वर्षं 'चि. वैजयंती आणि श्री. निखिलराव यांस' असं लिहीत आले. आज हात तसाच चालला होता, मी थांबवला. का, ते पुढं येईल.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर या घराच्या भिंती पातळ आहेत, मी इथं खोकले तरी निखिलराव पलीकडून पाणी घेऊन येतात. दुसरं म्हणजे, फोनवर त्यांचं नाव निघालं की तुला लगेच शिकवणीची वेळ होते. पत्रावर फोन ठेवता येत नाही. सोनमचा नवरा गाझियाबादलाच कामाला जातो, उद्या सकाळी तो तुझ्या दारात देईल.

एप्रिलच्या शेवटी मी तुला न सांगता दिल्लीला आले आणि स्टेशनवरून तुझ्याकडे न येता थेट इथं आले, हे तुला माहीत आहे. त्याबद्दल तू रागावलीस, तेही बरोबर. पण त्या दिवशी इथं काय झालं ते तुला नीट सांगितलं नाही. रिक्षातच मी सगळं भाषण जुळवलं होतं. माझ्या लेकीनं या घरात काय कमी केलं, तुम्ही तिला अडवलं का नाही, कोर्टात जायच्या आधी एकदा आम्हाला विचारायची पद्धत आहे की नाही. पस्तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलेली बाई मी, एका जावयाला समोर उभं करून विचारणं मला जड नव्हतं. मी अर्धा तास बोलले. निखिलरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, पाणी देऊ?"

माझा असा काही संताप झाला! नको तुमचं पाणी, म्हणून मी ताडकन उठले. बाल्कनीतल्या कूलरचं पाणी गळून आत आलं होतं, त्याच पाण्यात पाय पडला. तुमचा संसार सांधायला आले आणि स्वतःचंच हाड मोडून बसले.

हॉस्पिटलात तू रोज यायचीस. तू आलीस की निखिलराव खाली पार्किंगमध्ये जायचे, तू गेलीस की वर यायचे. तिथली नर्स मला म्हणाली, "आंटीजी, बेटा और बेटी कभी साथ में नहीं आते?" मी सांगितलं, दोघांची ड्यूटी असते. घरी सोडायची वेळ आली तेव्हा गाझियाबादच्या वैशाली भागातल्या तुझ्या खोलीचा विचार झालाच होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बसायचा संडास. नव्वद अंशांच्या खाली वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यावर माझी इथं येण्यावाचून सुटका नव्हती. त्यात तुझा काही दोष नाही. तुम्हा दोघांची घरं एकाच निळ्या मेट्रोवर आहेत, एकही गाडी बदलावी लागत नाही, आणि तरी तू इथं पाऊल टाकणार नाहीस म्हणालीस. मी बोलणार तरी कोणत्या बळावर? उशीवरून डोकं उचलायलाही माणूस लागत होतं.

आता मोज्यांचं सांगते. तू फोनवर दोनतीनदा विचारलंस, "आई, स्टॉकिंग्ज नियमित घालतेस ना? कोण घालतं?" मी म्हटलं, बाई घालते. ते खोटं होतं.

बाई होती, सुरुवातीला. मग ती भाचीच्या लग्नाला म्हणून गावी गेली ती परत आलीच नाही. ते पांढरे मोजे तू हॉस्पिटलात पाहिलेच आहेस. गुडघ्यापर्यंत येणारे, बोटांशी भोक असलेले आणि इतके घट्ट की पोटरी कुणीतरी मुठीत आवळून धरलीय असं वाटावं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते दिवसभर घालायचे. पण घालायचे तर वाकायला हवं, आणि वाकायचं तर नाही! आपले पाय डोळ्यांसमोर दिसतात आणि आपला हात तिथं पोचत नाही, ही काय चीज आहे ते माणसाला अनुभवल्याशिवाय कळणार नाही. बाई गेल्यावर दुसऱ्या सकाळी निखिलराव मोजे हातात घेऊन पलंगाशी आले आणि म्हणाले, "आई, मी घालतो. व्हिडिओ बघितलाय."

मी पाय चादरीत ओढून घेतले. वैजू, तो अधिक महिन्याचा पहिला दिवस होता.

तुला या गोष्टींचं काही वाटत नाही, मला ठाऊक आहे. पण तुझ्या लग्नात मी आणि तुझ्या बाबांनी त्याच माणसाचे पाय ताटात घेऊन धुतले होते. ते पाणी डोळ्यांना लावलं होतं. दर अधिकात जावयाला नारायण समजून वाण दिलं, चांदीचा दिवा दिला, नाही जमलं तेव्हा नुसते अनारसे कुरियरनं पाठवले. आणि त्याच महिन्यात त्याला मी माझ्या पायाशी बसवू? गाऊन घालून त्याच्यासमोर पडून राहावं लागत होतं, तेवढंच पुष्कळ होतं मला. शिवाय दुसरंही एक मनात होतं. या माणसाशी मला भांडायचं होतं. ज्याच्या हातात आपला पाय आहे त्याच्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं?

म्हणून मी म्हटलं, तुम्ही कशाला, सोनम येते ना दुपारी, ती घालेल. आणि सोनमनं विचारलं तेव्हा तिला सांगितलं, निखिल घालके जाता है सुबह. मोजे उशीखाली ठेवले. व्यायाम करून घेणारा मुलगा यायचा तेव्हा म्हणायचे, आत्ताच अंघोळ झाली, वाळत घातलेत. लांब गाऊन, वर चादर, कोण बघतंय? उन्हाळ्याचे दिवस, मोकळ्या पायांना बरंही वाटायचं. मला वाटलं, चार दिवस नाही घातले तर काय आभाळ कोसळणार आहे.

खोटं बाहेर आलं ते लिफ्टमध्ये. निखिलराव सोनमला म्हणाले, आप आंटी के लिए इतना करती हैं, थँक यू. ती म्हणाली, "अजी मैं क्या करती हूँ, मोज़े तो आप पहनाते हो." दोघं तसेच धावत वर आले. निखिलरावांनी न विचारता चादर बाजूला केली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती, बोट लावलं की खड्डा पडत होता. दोन दिवस दुखत होती, पण मी बोलले नव्हते. सोनम कपाळाला हात लावून म्हणाली, "आंटी, आप तो बच्चों से भी गई-बीती हो!"

तुला त्या दिवशी 'रूटीन चेकअपला आलोय' असा मेसेज गेला ना, तो मीच करायला लावला होता. पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली. देवाच्या दयेनं गाठ निघाली नाही, पण डॉक्टर मला असे रागावले की मी शाळेत कुणाला तसं रागावले नसेन. गाठ वर सरकली असती तर थेट छातीत गेली असती, म्हणाले. परत येताना निखिलराव गाडी चालवत होते. द्वारकेच्या सिग्नलला थांबल्यावर समोर बघत म्हणाले, "आई, तुम्हाला काही झालं असतं तर मी वैजयंतीला काय सांगितलं असतं?"

त्या दिवसापासून ते मोजे घालतात. नाही म्हणायचा माझा अधिकार मीच घालवला होता.

विमानतळावर विमानांची तपासणी करणारा माणूस, त्याच्या हाताला चूक माहीतच नाही. आधी पायावर टाल्कम. मग बोटांवर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, म्हणजे मोजा सरकतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, टाच नेमकी टाचेच्या जागी बसवायची, मग हळूहळू वर आणायचा. शेवटी बोटांच्या भोकातून पिशवी अलगद ओढून काढायची. सुरकुती राहिली तर तिथं रक्त अडतं, म्हणून अंगठ्यानं एकेक सुरकुती सपाट करतात. दोन्ही पाय झाले की "चलो, झालं" म्हणतात आणि हात धुवायला जातात. रात्री काढून स्वतः बेसिनमध्ये धुतात, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवतात. माझ्या पोटच्या मुलानंही इतकं केलं नसतं, असं मी पहिले काही दिवस मनाशी म्हणत होते. तुझा रागही येत होता. असा माणूस सोडून जायचं, म्हणजे कर्माला काय म्हणावं!

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. कशी लिहू?

वैजू, ते बोलत नाहीत. म्हणजे दुखतंय का विचारतात, गोळी घेतली का विचारतात, एसी वाढवू का विचारतात. त्यापलीकडे काही नाही. एकदा सकाळी मोजे घालताना मी त्यांना तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. मी कुणाला ते सांगत नाही, तुलाही नीट सांगितलेलं नाही. सांगता सांगता मला रडू आलं. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं रडणं संपेपर्यंत दोन्ही मोजे चढवून झाले होते. ते उठले आणि म्हणाले, "पाणी देऊ?" आणि खरंच घेऊन आले, थंड आणि साधं मिसळून, मला हवं तसं. मी ग्लास हातात धरून बसले. त्या खोलीत माणूस होता, माझी सगळी काळजी घेत होता, आणि मी इतकी एकटी तुझे बाबा गेले त्या रात्रीसुद्धा नव्हते.

दिवाळीत तू म्हणाली होतीस, "आई, तो वाईट असता तर मी कधीच सुटले असते गं." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. आता इथं पडल्या पडल्या ते वाक्य रोज सकाळी मोज्याबरोबर माझ्या पायात चढतं. मी पाच आठवड्यांत घायकुतीला आले. तू अकरा वर्षं काढलीस.

म्हणून तुला बरोबर म्हणावं, तर संध्याकाळी कामावरून दमून आलेलं ते पोर शर्टाच्या बाह्या सारून माझे मोजे धुताना दिसतं. त्यांना दोष द्यायला जीभ उचलत नाही. तुला द्यायला मन घेत नाही. मी साताऱ्याहून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, दोघांतलं कुणीतरी चुकत असणार, त्याचा कान धरला की झालं. वर्गात तसंच असायचं. इथं कुणाचाच कान हातात येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

सोमवारी अमावास्या, अधिक संपतोय. काहीही होवो, वाण द्यायचंच असं मी ठरवलं होतं. माझ्या मनात अजून होतं गं. म्हटलं, नारायणाचा महिना आहे, विधिवत वाण दिलं, तर कदाचित तुमची पुढची तारीख येईपर्यंत काहीतरी फिरेल. अनारसे करायला ओट्यापाशी उभं राहता येत नाही, म्हणून सोनमला बत्तासे आणायला सांगितले. तेहेतीसच मोजून आण म्हटलं तर म्हणाली, "आंटी, भगवान गिनते थोड़ी हैं, पाव किलो ले आई." त्यातून मी मोजून घेतले. ताटात बत्तासे, दिवा, विड्याची पानं, वर माझ्या पेटीतलं नवं उपरणं. काल संध्याकाळी निखिलराव आले तेव्हा त्यांना म्हटलं, समोर खुर्चीवर बसा. बसले. मी बसल्या बसल्या हात लांब करून कुंकू लावलं, तेही लावून घेतलं. ताट पुढं केलं तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी ते माझ्याकडेच धरून ठेवलं.

"आई, हे मी घेऊ शकत नाही."

मी म्हटलं, का? माझ्या हातचं नको?

"तसं नाही." ताटातलं उपरणं सारखं केलं. "ते झालं आई. मेमध्येच. तुमची तब्येत… म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, नंतर सांगू."

ताट मांडीवर ठेवून मी बसून राहिले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "मोजे काढू का? वेळ झाली." आणि कपाळावर माझं कुंकू तसंच असताना ते माझे मोजे काढायला लागले.

तो दिवस कुठला, ते मी आता ओळखलं. त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मोजे घालताना शर्टाला टाल्कम लागेल म्हणून मी म्हटलं होतं, आज राहू द्या. ते म्हणाले, नाही, आधी हे. मग ते कोर्टात गेले आणि तुमचं नातं संपवून आले. येताना माझ्यासाठी लिची आणली होती. संध्याकाळी तुझा फोन आला, "आई, तारीख पुढे गेली." मी लिची खात तुला म्हटलं होतं, बघ, देवाच्या मनात आहे. तुला लगेच शिकवणीची वेळ झाली. तुम्ही दोघांनी अकरा वर्षांत एकमतानं एवढी एकच गोष्ट केलीत का गं, मला फसवायची?

रागावले नाही मी. रागवायलाही माणसाच्या पायात बळ लागतं.

रात्रभर पडून एकच विचार केला. ज्याच्याशी माझं आता काहीच नातं उरलं नाही, त्याच्या घरात मी झोपलेय, आणि उद्या सकाळी त्यानं मोजे घातल्याशिवाय मला पलंगावरून उतरता येणार नाही. उठून निघून जावं म्हटलं तर जायचं कसं? आज सकाळी ते नेहमीसारखे आले. पिशवी, टाल्कम, मोजे. मी पाय पुढं केला. दुसरं काय करणार होते?

परवा रविवारी तू मला न्यायला येणार आहेस. तुझ्या नव्या खोलीला लिफ्ट आहे, कमोड आहे, सगळं मान्य. तू म्हणालीस, गाडी गेटशी उभी करते, सोनम तुला खाली घेऊन येईल. वैजू, तसं करू नको. वर ये.

मोजे अजून काही आठवडे घालायचे आहेत आणि ते तुला येत नाहीत. निखिलराव आज स्वतःहून म्हणाले, "वैजयंतीला एकदा दाखवावं लागेल. टाचेचं व्हिडिओत कळत नाही." मी ऐकून घेतलं, हो म्हटलं. म्हणजे रविवारी असं होईल की एका पायाशी ते बसतील आणि दाखवतील, दुसऱ्या पायाशी तू बसशील आणि करशील. ते सुरकुती काढायला सांगतील, तू काढशील. दहा मिनिटांचं काम आहे. मग 'चलो, झालं' म्हणतील. तेवढंच. त्यापलीकडे मी काही मागणार नाही, मागायला आता काही उरलंही नाही. वाणाचं ताट फ्रिजवर तसंच आहे, ज्याचं त्यानं घेतलं नाही, आता ते कुणाला द्यायचं ते मला कळत नाही. मुंग्या लागायच्या आत ते बत्तासे तुझ्या शिकवणीच्या मुलांना वाट.

लग्न लागल्यावर तुम्ही दोघं जोडीनं माझ्या पायाशी वाकला होतात. त्यानंतर दोघं एकत्र माझ्या पायाशी बसाल ते परवाच. त्या वेळी माझ्या तोंडून आशीर्वाद आपोआप निघाला होता, विचार करावा लागला नव्हता. परवा तुम्ही दोघं खाली बसाल आणि मी वरून तुमच्या डोक्यांकडे बघत असेन. तेव्हा काय म्हणायचं, ते कालपासून शोधतेय आणि मला सापडत नाही.

तुला सुचलं तर येताना सांग.

तुझी,
आई